नऊशे शब्दांचं धाराशिव

गौरीशंकरअप्पा हिरेमठ यांना नऊशे शब्दांत धाराशिव शहर बसवायचं होतं. आठशे एक्क्याण्णव शब्द बिनतक्रार बसले होते. उरलेल्या नऊ शब्दांपाशी घोडं पेंड खात होतं.

पुण्यातल्या एका संस्थेने महाराष्ट्रातल्या शहरांचा एक जाडजूड कोश काढायचं मनावर घेतलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणाला नऊशे शब्द, तालुक्याला चारशे. लेखाखाली लेखकाचं नाव छापायचं, पण तेही त्या नऊशेतच धरायचं, असा काटेकोर कारभार. अप्पांनी छत्तीस वर्षं शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली होती, त्यामुळे हे काम फिरून फिरून त्यांच्याकडेच येणार होतं. त्यांनी होकार कळवला आणि त्याच संध्याकाळी गल्लीत सांगून टाकलं, की पुण्याच्या पुस्तकात आपलं नाव येतंय. 'गौरीशंकर हिरेमठ, निवृत्त ग्रंथपाल, धाराशिव.' बोटांवर मोजले तर पाच शब्द. नुसत्या नावाला पाच शब्द म्हणजे चैनच होती, पण आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून येणार होतं आणि तेवढी चैन अप्पांनी स्वतःला करू दिली.

गल्लीत सांगितलं ही मात्र चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला कोशात जायचं होतं. लेखात गुलाबजाम आहेत हे कळल्यावर मिठाईवाला विचारायला आला, की मग दुकानाचा पत्ता का नाही. काळ्या शेळीचा उल्लेख आहे हे ऐकून एक गृहस्थ आपल्या शेळीचा फोटो घेऊन आले. समोरच्या धुरपदाबाईंची मागणी त्या मानाने साधी होती. "अप्पा, आमच्या बोळातला आड बी घाला की त्यात. त्याच्या पाण्यात डाळ लई लौकर शिजती." अप्पा सगळ्यांना एकच सांगत, जागा नाही. पुणेकरांची शब्दमर्यादा एखाद्याला इतकी उपयोगी पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

लेणी बसली, दर्गा बसला, उशिरा आलेली रेल्वे बसली. शहराचं नाव काय लिहायचं हा प्रश्न सरकारने आधीच सोडवून ठेवला होता. अप्पांनी मजकूर तीनदा मोजला, पुण्याला पाठवला आणि आठव्या दिवशी कोशाच्या संपादक अर्पिता यांचा फोन आला.

"सर, लेख उत्तम आहे. फक्त एक वाक्य अडलंय." आणि तिने ते वाचून दाखवलं. "'दुपारी साडेबाराला जिनिंगचा भोंगा वाजतो आणि शहर जेवायला बसतं.' हा भोंगा आज आहे का, सर?"

सरकी काढण्याची ती जिनिंग बंद पडून वीस वर्षं झाली होती. तिच्या जागेवर आता मंगल कार्यालय होतं. हे अप्पांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही, गेल्याच महिन्यात ते तिथे जेवून आले होते. पण लिहिताना हात आपसूक लिहीत गेला आणि तीन वेळा मोजतानाही त्यांना त्यात काही खटकलं नव्हतं.

अर्पिता स्वभावाने चांगली होती, पण नियम तो नियम. भोंगा आज वाजत असेल तर पुरावा द्या, फोनवर काढलेला व्हिडिओही चालेल. पूर्वी वाजत असेल तर तारीख असलेला लेखी संदर्भ द्या. दोन्ही नसेल तर वाक्य काढावं लागेल. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. "आणि नऊ शब्द वाया नाही जाणार, सर. पावसाची सरासरी घालता येईल."

ज्या गावात पाऊस सरासरीने कधी पडलाच नाही तिथली सरासरी घालून काय होणार, असं अप्पांच्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "बघतो मी."

त्या वाक्याचं अप्पांना एवढं का लागलं होतं, ते सांगायला हवं. त्यांची बायको शांताक्का सीमेपलीकडची, आळंदच्या बाजूची. चाळीस वर्षांपूर्वी जळकोटला गाडी बदलून ती या शहरात आली तेव्हा तिला धड मराठी येत नव्हतं. वाचनालय दुपारच्या सुट्टीसाठी साडेबाराला बंद होई. तिकडे जिनिंगचा भोंगा झाला, की अप्पा सायकलवर टांग टाकत आणि इकडे शांताक्का चुलीवर तवा ठेवी. तिसरी भाकरी तव्यावर पडायला आणि अप्पांनी दाराची कडी वाजवायला एकच गाठ पडे. "बंद्री?" ती आतून विचारी. आलात का, एवढाच त्या कानडी शब्दाचा अर्थ. सदतीस वर्षं तिने तो प्रश्न रोज विचारला. पुढे भोंगा थांबला तरी तवा घड्याळ बघून चढतच राहिला.

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. अप्पांना खानावळीचा डबा येई. तो अकराला येई, ते कधी एकला जेवत, कधी तीनला. जेवणाला वेळ असा राहिला नव्हता. तिची फार आठवण येते, असं अप्पा कुणाजवळ बोलले नाहीत. बोलण्याची सवय नव्हती. शहराच्या लेखात शांताक्काला जागा मिळायचं काही कारण नव्हतं, ती ना लेण्यांसारखी जुनी होती ना गुलाबजामांसारखी प्रसिद्ध. पण त्या नऊ शब्दांत ती तवा घेऊन बसली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. अप्पांना दिसत होती, आणि आता तिथे पावसाची सरासरी येऊ घातली होती.

आधी त्यांनी लेखी संदर्भ शोधला. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे वर्षवार बांधलेले गठ्ठे होते, त्यातले निम्मे अप्पांनी स्वतःच्या देखरेखीखाली शिवून घेतले होते. जिनिंग चालू होती तेवढ्या सगळ्या वर्षांचे गठ्ठे त्यांनी मागवले. एक सोडून सगळे मिळाले. चौऱ्याऐंशी सालचा शिवण उसवल्यामुळे पुन्हा बांधणीला गेला होता. सतरा दिवस अप्पांनी धूळ खाल्ली. बैल बुजल्याची बातमी मिळाली, दोन डोक्यांच्या वासराची मिळाली, भाषणात झोपलेल्या पाहुण्याचीही मिळाली. भोंग्याविषयी एक ओळ नव्हती. जे रोज वाजतं त्याची बातमी कोण छापणार? सगळ्या शहराला माहीत असलेली गोष्ट शहराने कुठेच लिहून ठेवली नव्हती.

मग उरला एकच मार्ग. भोंगा वाजवायचा.

जिनिंगमध्ये तीस वर्षं ज्याने भोंग्याचा खटका दाबला तो दगडोबा आता त्याच जागेवरच्या मंगल कार्यालयात रखवालदार होता. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण मान ताठ. अप्पांनी विषय काढला तशी त्याने नुसतं बोट वर केलं. मागच्या पत्र्याच्या शेडवर, कबुतरांच्या घाणीखाली, भोंगा जिथल्या तिथे होता.

"म्या काढू दिला न्हाई त्यास्नी," दगडोबा म्हणाला. "रोज वाटतं, एकडाव दाबावं. पर कुणासाठी दाबायचं, अप्पा? सुट्टी कुणाला द्यायची?"

कार्यालयाचा मालक दिग्विजय हा जिनिंगच्या जुन्या मालकांचा नातू. त्याची हरकत नव्हती, अट होती. भोंग्याबरोबर कार्यालयाचंही नाव कोशात यावं, आणि 'प्रशस्त पार्किंग' हे दोन शब्द विसरू नयेत. अप्पा प्रामाणिक माणूस. त्यांनी शब्द दिला नाही, विचारतो म्हणाले. दिग्विजयच्या हिशेबी तो होकारच होता. पंचांगात पुढच्या मंगळवारी मुहूर्त नव्हता, म्हणून मंगळवार ठरला.

त्या मंगळवारपर्यंत दगडोबाने भोंग्याची मोटर उघडून तेल घातलं, कबुतरांना नोटीस दिली, आणि नवी वायर ओढून शेडमधल्या एका बोर्डाला जोडली. बरोबर साडेबाराला अप्पांनी एका हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरला. दगडोबाने देवाचं नाव घेऊन खटका खाली ओढला. काही झालं नाही. त्याने खटका वर केला, खाली केला, बोर्डावर थाप मारली, भोंग्याला एक शिवी दिली आणि मग त्याची क्षमा मागितली. भोंगा मुका तो मुकाच. अप्पांच्या मोबाईलमध्ये चार मिनिटांचा व्हिडिओ आला, त्यात एक कबुतर परत येऊन बसताना स्पष्ट दिसत होतं.

"मेला बघा त्यो," दगडोबा म्हणाला. दोघेही मयतीवरून परतल्यासारखे बाहेर पडले. त्या दुःखात खटका खालीच राहिला. आणि तो बोर्ड जनरेटरचा आहे, जनरेटर चालू झाल्याशिवाय त्यात वीज येतच नाही, ही गोष्ट दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती.

त्यानंतरच्या शुक्रवारीही पंचांगात मुहूर्त नव्हता. पण आपल्याकडे पंचांगात नसलेला मुहूर्त काढून देणारे गुरुजी असतात, आणि परंडा तालुक्यातल्या सोनारीचे बागायतदार रणधीरराव यांनी आपल्या मुलीसाठी तसा काढीव मुहूर्त घेतला होता. बारा वाजून पस्तीस मिनिटं. जावई धाराशिवचाच असल्याने कार्यालय दिग्विजयचं. सोनारीचं वऱ्हाड आलं होतं आणि नवऱ्या मुलाकडचं सगळं जुनं धाराशिवही आलं होतं. अप्पांना आमंत्रण नव्हतं. ते वाचनालयात पेपर चाळत बसले होते.

बारा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. अप्पांच्या डोक्यावरचा पंखा थांबला. आणि एकाएकी, कापसाच्या ढिगाखालून यावा तसा दबलेला, मग वर चढत चढत सगळं आभाळ भरून टाकणारा आवाज आला. भोंगा.

अप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा खिशात घातला आणि पायऱ्या उतरून सायकलवर टांग टाकली. पासष्टाव्या वर्षी त्यांनी घराकडचा चढ न उतरता पार केला. डोक्यात विचार असा काहीच नव्हता, भूक मात्र लागली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. घरापुढे सायकल लावून त्यांनी कडी वाजवली आणि ते थांबले. आतून कुणी विचारलं नाही. त्यांनी पुन्हा कडी वाजवली.

समोरच्या ओट्यावर धुरपदाबाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अप्पा, कुलूप तुमचंच हाय."

अप्पा पायरीवर बसले. गळ्यातून हुंदका आला तो त्यांनी खोकल्यासारखा करून टाकला. धुरपदाबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "माझा बी हात गेला बघा तव्याकडं," एवढंच त्या बोलल्या.

तासाभराने दगडोबा आला. त्याचा फेटा सुटला होता, आणि चेहऱ्यावर भीती जास्त आहे की आनंद, ते सांगणं कठीण होतं. कार्यालयात काय झालं ते त्याने सांगितलं. वीज गेली, जनरेटर लावला आणि भोंगा बोंबलला. भोंगा ऐकताच जुन्या धाराशिवच्या माणसांनी आधी हातातली घड्याळं दहा मिनिटांनी पुढे केली, कारण घड्याळ चुकेल पण भोंगा चुकणार नाही ही त्यांची लहानपणापासूनची श्रद्धा. मग ती सगळी माणसं, हातातल्या अक्षता हातातच ठेवून, शांतपणे उठली आणि पंगतीकडे चालू लागली. साडेबाराचा भोंगा म्हणजे जेवण. त्यात विचारायचं काय? आचाऱ्याने एवढी माणसं येताना पाहिली, त्याला वाटलं लग्न लागलं, त्याने झाकणं उघडली. सोनारीकरांना वाटलं, शहरात अशीच पद्धत असेल, आणि मागं राहिलो तर बुंदी संपेल. तेही उठले.

गुरुजी जुन्या धाराशिवचेच. त्यांनीही घड्याळ पुढे करून घेतलं होतं. आता पाचच मिनिटं उरली म्हणून त्यांनी मंगलाष्टकांच्या मालगाडीची एकदम मेल केली. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला आणि नवरा-नवरीने समोर पाहिलं, तर मांडवात तीन माणसं. रणधीरराव, फोटोवाला आणि एक आजोबा, ज्यांना ऐकू येत नव्हतं.

"मंग?" अप्पांनी विचारलं.

"मंग काय. रणधीररावांनी मोबाईलमधी बघितलं. बारा पंचवीस. मुहूर्ताला दहा मिनिटं बाकी. अंतरपाट फिरून धरला, गुरुजी फिरून सुरू झाले, पर पंगतीतनं माणसं उठंनात. भाताला वरण पडलं व्हतं. शेवटी रणधीरराव माईक घेऊन पंगतीत आले अन् म्हणले, बसल्या जागंवरनं टाका. बरोबर पस्तीसला समद्यांनी ताटावरनंच अक्षता टाकल्या. निम्म्या वरणात पडल्या." दगडोबा थांबला. "लगीन येळेवर लागलं, अप्पा. त्येला नाव ठिवायला जागा न्हाई."

"आणि भोंगा?"

"मालकानं वायर कापली. भोंगा उतरवला." दगडोबाने फेटा सोडून पुन्हा बांधायला घेतला. "म्या मागून घेतला. घरी माझ्या बाजंखाली हाय. वाजायचा न्हाई आता कवा. पर वाजला का न्हाई?"

"वाजला," अप्पा म्हणाले.

व्हिडिओ अर्थातच कुणी काढला नव्हता. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या होत्या आणि आवाजाच्या जागी सनई टाकायचं रणधीररावांनी बजावलं होतं. दिग्विजयने अप्पांना फोन करून सांगितलं, की आपलं कार्यालय कोशात आलं नाही तरी चालेल, किंबहुना आता येऊच नये.

महिना संपायला चार दिवस होते. अप्पांनी अर्पिताला कळवायचं ठरवलं, की वाक्य काढा, पाऊस घाला. ते फोन करणारच होते, तेवढ्यात वाचनालयातून निरोप आला, चौऱ्याऐंशी सालचा गठ्ठा बांधून परत आलाय. आशा काडीचीही नव्हती. पण संचातला एक खंड न बघता सोडणं हे ग्रंथपालाला सहन होत नाही, निवृत्त झाला तरी. अप्पा जाऊन बसले आणि जानेवारीपासून पानं उलटू लागले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पान तीन आणि चारच्या मध्ये, एक पोस्टकार्ड होतं. पंधरा पैशांचं, पिवळं पडलेलं, शिक्का नसलेलं. वर तारीख, खाली शाईने काढलेली गोल गोल कानडी अक्षरं. त्या अक्षरांत शांताक्का दुधाचा हिशेब लिही, म्हणून अप्पांनी ती लगेच ओळखली. वाचता मात्र येईना. बोलण्यापुरतं कानडी त्यांना तिने शिकवलं होतं, वाचायचं राहून गेलं होतं.

मग हळूहळू सगळं आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिने आईला लिहिलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं होतं. वाचनालयातून निघताना नजरेला पडावं म्हणून त्यांनी ते टेबलावरच्या पेपरात ठेवलं. पेपर गठ्ठ्यात गेला, गठ्ठा शिवायला गेला. घरी तिने विचारलं, टाकलं का? ते म्हणाले, टाकलं. पंधरा दिवसांनी ती एवढंच म्हणाली, अव्वाचं उत्तर आलं नाही, आणि त्यांच्याकडे बघून जराशी हसली. त्यानंतर तिने एकही पत्र त्यांच्याकडे दिलं नाही. द्या मी टाकतो, असं ते कितीदा तरी म्हणाले. ती पायात चप्पल घालून स्वतः पेटीपर्यंत जाई. असं का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

अप्पांनी कार्डाचा फोटो काढून आळंदकडे धाडला. शांताक्काचा धाकटा भाऊ सोमलिंग अजून त्याच घरात राहत होता. चाळीस वर्षं वाटेत असलेलं कार्ड त्या पत्त्यावर अर्ध्या मिनिटात पोचलं. थोड्या वेळाने सोमलिंगचा फोन आला.

"दाजी, हे अक्काचं आहे हो," तो म्हणाला. "वाचू का? मराठीत सांगतो मी, जमंल तसं."

"वाच."

"अव्वा, मी बरी हाय. गाव मोठं हाय, वाटा कळत न्हाईत. माणसं लई भरभर बोलतात. दिवसभर कुणाशी बोलावं कळत न्हाई. इथं साडेबाराला जिनिंगचा भोंगा वाजतो आणि सगळं गाव जेवायला बसतं. भोंगा झाला की मी तवा ठेवते. तिसऱ्या भाकरीला ह्यांची कडी वाजते. दिवसातलं तेवढं मला आवडतं." सोमलिंग थांबला, नाक ओढलं, पुढे वाचू लागला. "कार्ड ह्यांच्या हातात दिलंय. माणूस चांगला हाय, पण पुस्तकातला हाय, टाकायचं विसरंल. मिळालं तर लगेच उत्तर लिही. उत्तर आलं न्हाई तर मी समजंन, विसरले. रागवणार न्हाई."

वाचनालयात कुणीतरी पान उलटलं. सदतीस वर्षं तिला माहीत होतं आणि सदतीस वर्षं तिने भाकरी गरमच वाढली होती. आता क्षमा मागायची म्हटली तरी कुणाकडे मागायची? अप्पा डोळे पुसायला रुमाल शोधत राहिले, आणि तो चष्म्याबरोबर खिशातच होता.

अर्पिताला कार्ड चाललं. चाललं म्हणजे, फोटो आणि मजकूर वाचल्यावर ती म्हणाली, "सर, यापेक्षा चांगला संदर्भ अख्ख्या कोशात नाहीये." वाक्य इतिहासाच्या परिच्छेदात जाणार होतं. पण नियम तिथेही होताच. छापील संदर्भ सगळे पुस्तकाच्या शेवटी एकत्र येतात, हस्तलिखिताचा उल्लेख मात्र लेखाखालीच करायचा, लिहिणाऱ्याच्या नावासकट, आणि तो शब्दसंख्येत धरायचा. 'शांताक्का हिरेमठ, पोस्टकार्ड, ऑगस्ट १९८४.' तिने मोजलं. पाच शब्द. लेख नऊशे पाचावर जात होता.

"पाच शब्द कुठून तरी काढावे लागतील, सर. लेण्यांमधून काढू? की गुलाबजाम कमी करू?"

अप्पांनी बोटांवर काही मोजलं. "त्याला हात लावू नका," ते म्हणाले. "खाली पाच शब्द आहेत बघा. ते काढा."

"सर, ते तुमचं नाव आहे."

"व्हय. तेच."

कोश दिवाळीच्या आधी आला. वाचनालयाने एक प्रत टेबलावर उघडून ठेवली आणि सगळी गल्ली बघून गेली. लेखाखाली एकच नाव होतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. लेख शांताक्काने लिहिला. तोही चौऱ्याऐंशी साली लिहून पाठवला आणि छापायला पुण्याच्या लोकांनी चाळीस वर्षं लावली, असा सगळ्यांचा समज झाला. पुण्याचं काम म्हटल्यावर तो सगळ्यांना पटलाही. चौऱ्याऐंशी सालच्या लेखात चालू रेल्वे कशी काय, असं एकाने काढलं होतं. बाई लांबचं बघणारी होती, असं त्याला सांगण्यात आलं.

धुरपदाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या नावावर बोट ठेवून घेतलं आणि अप्पांना विचारलं, "हे समदं शांताक्कानं लिव्हलं व्हय वो?"

"तिनंच," अप्पा म्हणाले.

"आन् आमचा आड?"

"जागा न्हाई मिळाली तिला."

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होत आले होते. अप्पांनी पेपरची घडी केली, चष्मा खिशात घातला आणि सायकल काढली. घरी डब्यात ज्वारीचं पीठ होतं. दोन महिने ते स्वतः भाकरी थापायला शिकत होते आणि तिसरी आता बऱ्यापैकी गोल होत होती. दारापुढे सायकल लावून त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडण्याआधी एकदा कडी वाजवली.